कातरण

दिवाळीच्या फराळात मला सर्वांत अधिक आवडणारा पदार्थ कोणत्याच ताटात कधी वाढला गेला नाही. आई शंकरपाळ्यांसाठी पोळी लाटी, ती गोल असे. तिच्यावर कातण आडवे-तिडवे फिरले, की मधोमध एकसारख्या चौकटी पडत आणि कडेला काही तुकडे उरत. कोणी त्रिकोणी, कोणी एका अंगाने धनुष्यासारखे वाकलेले, कोणी नुसतेच बोटाच्या पेराएवढे. आई त्यांना 'कातरण' म्हणे. सगळे घाणे निघाले, तेल तळाला गेले, की शेवटी ही कातरण कढईत पडे आणि जराशी अधिकच तांबूस होऊन आम्हां भावंडांच्या हातावर येई. ती ताटात ठेवायची नव्हेच. ताटे लोकांकडे जायची असत, कातरण घरच्यांची. आम्ही ती उभ्या उभ्या खात असू, आणि जगात याहून चांगले काही असेल असे आम्हांला वाटत नसे.

या आठवणीत आजपर्यंत मला नुसते सुखच दिसत आले होते. तिच्यात एक प्रश्नही दडलेला आहे हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आणि तो प्रश्न समोर आला तोही दिवाळीत नव्हे, तर नाताळात.

मी वसईत राहतो. इथे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच दारोदारी तारे लागतात. १५३४ साली पोर्तुगीज इथे आले, १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले. त्यांनी आणलेला धर्म राहिला, आणि धर्म बदललेल्यांची भाषाही होती तीच राहिली. त्यामुळे आमच्या शेजारच्या मावशींच्या घरचा नाताळ हा मराठीतच साजरा होतो. त्यांच्या नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी. काट्याच्या पाठीवर वळून तळलेली त्यांची कुलकुले पाहिली, की ही कोणत्या सणाची, हे सांगितल्यावाचून कळू नये. पण त्यांच्या फराळात एक पदार्थ असा आहे, की जो आमच्या स्वयंपाकघरात कधी नव्हता. साच्यांनी कापलेली गोड बिस्किटे. मावशींचे यजमान आखाती देशात नोकरीला होते. एका सुटीत ते पत्र्याचे सहा साचे घेऊन आले. तारा, घंटा, चंद्रकोर, झाड, बदाम, आणि हातपाय पसरून उभा असलेला एक माणूस. यजमान आता नाहीत. साचे आहेत, आणि दर डिसेंबरात ते डब्यातून निघतात.

या साच्यांचे मूळ घर तिकडे युरोपात. जर्मनी-हॉलंडच्या बाजूला सणासुदीच्या बिस्किटांसाठी लाकडात कोरलेले साचे फार पूर्वीपासून आहेत. त्यांत पीठ दाबून बसवतात, आपल्या मोदकाच्या साच्यात उकड बसवावी तसे. इंग्रजीत ज्याला 'कुकी' म्हणतात तो शब्दही डच भाषेतल्या 'लहानसा केक' अशा अर्थाच्या शब्दापासून आला. पत्र्याचा साचा हा त्या लाकडी साच्याचा धाकटा भाऊ म्हणायचा; पण दोघांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. लाकडी साचा पीठ आपल्या पोटात घेतो. पत्र्याचा साचा पोळीवर उभा राहतो आणि आपल्याला हवे तेवढे कापून घेतो. बाकीचे कोणाचे, याची विचारपूस तो करीत नाही.

मी चित्रकला शिकवतो, म्हणून माझा हात स्थिर असेल, अशी मावशींची समजूत. तेव्हा दरवर्षी साचे उठवायचे काम माझ्याकडे आणि माझ्या मुलीकडे असते. पीठ मात्र मावशी दुसऱ्या कोणाला मळू देत नाहीत. लोणी आणि साखर त्या हलके होईपर्यंत फेसतात, त्यात एक अंडे आणि थोडा व्हॅनिलाचा अर्क घालतात, आणि मग मैदा घालून गोळा नुसता एकत्र करतात. 'मळायचं नाही हं मास्तर, गोळा करायचा,' असे त्या मला दरवर्षी बजावतात. तो गोळा फ्रिजमध्ये तासभर गारठवून मगच पाव इंच जाडीचा लाटायचा. कापलेले आकारही भट्टीत घालण्यापूर्वी पुन्हा गार करायचे. सोडा किंवा बेकिंग पावडर जवळजवळ नाहीच. याचे कारण मी एकदा नीट समजून घेतले. लोणी पस्तीस अंशांच्या आतच वितळू लागते. मैदा आणि अंडे धरायला त्याच्या दुप्पट उष्णता लागते. मधली जी काही मिनिटे जातात तेवढ्यात बिस्किटाला आपला आकार आपणच सांभाळायचा असतो. पीठ गार असेल तर तो सांभाळला जातो. नसेल, किंवा आतून ते फुगायला लागले असेल, तर ताऱ्याचे फूल होते आणि फुलाची चकती होते. एकशेऐंशी अंशांवर आठ-दहा मिनिटे, कडांना बदामी रंग चढू लागला की बाहेर. ताऱ्याची टोके आधी करपतात आणि पोट मागाहून भाजते, म्हणून लहानमोठे आकार एका ताटलीत ठेवायचे नाहीत.

गेल्या नाताळात मी सहा-सात तारे कापले, साचा बाजूला ठेवला, आणि तारे उचलल्यावर ओट्यावर एक मोठी विचित्र जाळी उरली. माझी मुलगी तिच्याकडे पाहत म्हणाली, 'बाबा, शंकरपाळ्यांत इतकं उरत नाही.'

बारा वर्षांच्या मुलीचे हे निरीक्षण चित्रकलेच्या शिक्षकाला सुखावणारे होते. मी तिला कागदावर आकृत्या काढून दाखवल्या. चौकोन, समभुज त्रिकोण, षटकोन, हे एकाला एक लावीत गेले की मध्ये फट राहत नाही. मधमाशी आपल्या पोळ्यात हेच करते आणि शंकरपाळ्यांची तिरपी चौकटही हेच करते. वर्तुळांचे तसे नाही. गणित असे सांगते, की एकाच मापाची वर्तुळे कितीही दाटीने बसवली तरी मोठ्या पोळीचा शंभरात ९०.६९ इतकाच भाग ती व्यापू शकतात. बाकीचा सव्वानऊ भाग उरतोच, कापणारा कितीही निष्णात असला तरी. तारा तर याहूनही उधळा. नियमित पंचकोन घ्या. तोही शेजाऱ्याशी कधी पुरता जुळत नाही.

हे सांगता सांगता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मी मुलीला सांगितली नाही. शंकरपाळ्यांत कातणाने ओढलेली एक रेघ दोन शंकरपाळ्यांची असते. अलीकडच्याची उजवी कड तीच पलीकडच्याची डावी. एकाची हद्द म्हणजे दुसऱ्याची सुरुवात. ताऱ्याची हद्द मात्र सगळी त्याच्या एकट्याची. तिच्याबाहेर जे आहे ते शेजारी नव्हे, ते 'उरलेले'. म्हणजे कातरण ही पिठात नसतेच. आपण कोणता आकार निवडला त्यात ती असते. साचा टेकेपर्यंत सगळी पोळी एकच होती. 'हे बिस्किट' आणि 'हे उरलेले' हे दोन्ही एकाच क्षणी, एकाच दाबाने जन्माला आले. मग त्यातल्या एकाची जबाबदारी आपण घ्यावी आणि दुसऱ्याची घेऊ नये, हे कसे?

प्रश्न बिस्किटांपुरता असता तर तो मी तिथेच ओट्यावर पुसून टाकला असता. पण मी शाळेत काम करतो, आणि शाळेत काम करणाऱ्या माणसाला 'उरलेले' हा शब्द फार काळ पिठापुरता ठेवता येत नाही.

आमच्याकडे दहावीच्या निकालाचे फलक लागतात. 'शंभर टक्के' हे शब्द त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात. पुष्कळदा ती अक्षरे माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराकडूनच काढून घेतली जातात, आणि मी ती काढलीही आहेत. शंभर टक्के दोनच प्रकारांनी साधतात. एक, तुमचा आकारच असा हवा की शेजाऱ्याशी जुळताना काही उरू नये. दुसरा प्रकार सोपा आहे. जे उरले ते पोळीचा भाग होते हेच मोजायचे नाही. मोजणी साचा उठवल्यानंतर सुरू करायची. दुसऱ्या प्रकारासाठी आमच्या राज्यात एक कागद आहे, त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळेबाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी तो आहे. आणि ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण नववीत अडखळलेल्या मुलाच्या बापाला बोलावून, 'याला सतरा नंबर भरा,' असे जेव्हा शाळाच सांगते, तेव्हा तो आधार राहत नाही. तो साच्याचा काठ होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९५ साली माझ्या वडिलांना असेच बोलावण्यात आले होते. मी गणितात आणि इंग्रजीत कच्चा होतो, हे खरे. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हते, तरी काहीतरी जड वस्तू धरल्यासारखे ते चालत होते, एवढे मला आठवते. पुढच्या वर्षी मी सतरा नंबरने बसलो आणि पास झालो. त्यापुढे ज्या परीक्षा दिल्या त्या चित्रकलेच्याच. बाकी माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. त्या वर्षी माझ्या जुन्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. त्या शंभरात मी नव्हतो, आणि माझ्यासकट तसे आम्ही अकराजण होतो.

इथपर्यंत माझी बाजू अन्याय झालेल्याची आहे, आणि अन्याय झालेल्याची बाजू सांगताना लेखणी फार झरझर चालते. म्हणून पुढचे सांगितले पाहिजे.

माझ्याकडे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे काम आहे. एलिमेंटरीला बसणाऱ्या मुलांना मी तयार करतो. पाच-सहा वर्षांपूर्वी बंदराकडून येणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे स्मरणचित्र पाहत राहावे असे असे. जाळे ओढणारी माणसे तो काढी, तेव्हा त्यांच्या पाठींवरून जाळ्याचे वजन कळे. हे मी त्याला शिकवलेले नव्हते, मला ते येतही नाही. पण भूमितीचा कागद त्याला सुधरत नसे. कंपासचे टोक घसरे, पंचकोनाची पाचवी बाजू कधी पहिलीला येऊन मिळत नसे. तोवर आमच्या शाळेचा एलिमेंटरीचा निकाल तीन वर्षे सलग शंभर टक्के होता. मी त्याला व्हरांड्यात बोलावले आणि म्हणालो, 'तू पुढच्या वर्षी बस. आणखी तयारी होईल.' तो 'बरं सर' म्हणाला.

मी त्याला खोटे सांगितले नव्हते. पुढच्या वर्षी तयारी खरोखरच अधिक झाली असती. वाईट गोष्टी करताना माणूस खोटे बोलतोच असे नाही. पुष्कळदा तो खऱ्यातले सोयीचे तेवढे उचलतो. त्या वर्षीही आमचा निकाल शंभर टक्के लागला, आणि फलकावरची अक्षरे मीच काढली. पुढच्या वर्षी मी स्वतः होऊन त्याला फॉर्म दिला. त्याने तो वाचला, नीट चौघडी केली, आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, 'नको सर.' त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही बोलता आले असते.

आता इथे कोणी म्हणेल, की मग साचाच नको. मुलांना मोकळे सोडा, जो तो आपल्या आकाराने वाढेल. हे ऐकायला फार गोड वाटते, आणि माझ्या धंद्यातली मंडळी व्यासपीठावरून ते वारंवार सांगतात. मला ते पटत नाही. पीठ नुसते ताटलीत पसरून भट्टीत घातले, तर त्याचे मोकळे बिस्किट होत नाही. मधे कच्चा आणि कडेला जळका असा एक थर होतो. आकार हा पिठावरचा जुलूम नव्हे. भाजले जायचे असेल तर कोणता ना कोणता आकार घ्यावाच लागतो. ज्या मुलाला कंपास धरता येत नाही त्याला कंपास धरायला शिकवणे हे माझे काम आहे, आणि 'त्याची प्रतिभा वेगळी आहे' असे म्हणून ते टाळणे हाही एक प्रकारे त्याला पोळीबाहेर ठेवण्याचाच मार्ग आहे. तेव्हा प्रश्न साचा असावा की नसावा, हा नाही. साचा उठवणाऱ्याचे उरलेल्याशी नाते काय, हा आहे.

थोरांनी यावर काय म्हटले आहे ते मी माझ्या परीने शोधले. ॲरिस्टॉटल द्रव्य आणि आकार यांचा विचार करतो. ब्राँझचा पुतळा होतो तो आकारामुळे, असे तो सांगतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला उलट बाजूने शिकवतो. मातीचा एक गोळा जाणला की मातीची सगळी भांडी जाणली. आकार ही नावे, माती तेवढी खरी. मुलाला तो तीन उदाहरणे देतो. माती, सोने आणि लोखंडाची नहरणी. उद्दालकाचा तो मुलगा, श्वेतकेतू, बारा वर्षे गुरुगृही शिकून, सगळे कळले अशा तोऱ्यात घरी आलेला होता, हे आम्हां मास्तरांनी विसरू नये असे आहे. पण मला हसू आले ते त्या तिसऱ्या उदाहरणाचे. नहरणी हे कापण्याचेच हत्यार, आणि तरीही कापून खाली पडलेल्या नखांचे काय, हा विषय बापलेकांत निघत नाही. एकाने आकाराला मान दिला, दुसऱ्याने द्रव्याला. उरलेल्याची पंक्ती दोघांकडेही मांडलेली नाही.

उद्दालकाला ते चालून गेले, कारण त्याचे उदाहरण मातीचे होते. कुंभाराच्या चाकावरून निघालेली ओली माती पुन्हा गोळ्यात गेली की ती पूर्वी कधी वेगळी पडली होती, हे तिच्या ध्यानीमनीही राहत नाही. पिठाचे तसे नाही. पीठ लक्षात ठेवते. लाटण्याचा प्रत्येक हात मैद्यातल्या चिकट तंतूंना ताणत जातो, आणि ओट्यावर भुरभुरलेला कोरडा मैदाही दर खेपेला थोडा थोडा आत जातो. म्हणून दुसऱ्यांदा लाटलेल्या पिठाचे बिस्किट पहिल्याइतके खुसखुशीत होत नाही. तिसऱ्यांदा लाटलेले तर चिवट होते, आणि भट्टीत गेल्यावर आखडते. मावशींचा नियम आहे, 'दोनदा. त्याच्या पुढं नाही.' आणि दोन लाटण्यांच्या मध्ये त्या गोळ्याला पुन्हा अर्धा तास गारव्यात विसावू देतात. त्या अर्ध्या तासात ताणलेले तंतू सैल पडतात. उरलेल्याला दुसरी संधी द्यायची, तर आधी विसावा द्यावा लागतो, हे मला कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात इतके स्वच्छ सापडले नव्हते. आम्ही काय करतो? नापास झाला, की त्याच क्षणी, त्याच ओट्यावर, अधिक जोराने लाटणे चालवतो. आणि मग म्हणतो, पोर चिवट आहे.

या 'चिवट' शब्दापाशी मला सांभाळून राहावे लागते. मराठीत तो निंदेचाही आहे आणि स्तुतीचाही. माझ्या कादंबऱ्यांविषयी चार लोक बरे बोलू लागले तेव्हा एका सत्कारात वक्ते म्हणाले, की सतरा नंबरने यांना घडवले. तो धक्का बसला नसता तर हा लेखक झाला नसता. टाळ्या झाल्या, आणि मलाही त्या क्षणी ते गोड वाटले. घरी आल्यावर मात्र ते गोड राहिले नाही. आम्ही अकराजण होतो. उरलेल्या दहांना त्या धक्क्याने काय घडवले, हे त्या सभेत कोणी विचारले नाही, आणि मीही कधी विचारायला गेलो नाही. कातरणीतला एक तुकडा गोड लागला, म्हणून साच्याची बाजू खरी ठरत नाही. ज्याने सोसले त्याने आपल्या सोसण्यातून बळ काढले, तर ते त्याचे. ज्याने सोसायला लावले त्याने ते आपल्या खात्यावर जमा करून घेऊ नये. बंदराकडच्या त्या मुलाबद्दलही, 'तोही त्यातून काहीतरी शिकला असेल,' असे मी एकदोनदा मनाशी म्हणून पाहिले. तो विचार फार सोयीचा होता, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

लहानपणी दिवाळीत आणखी एक गोष्ट होत असे. आई नानकटाईचे पीठ घरी तयार करी आणि आम्ही डबा घेऊन गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जात असू. तिथे गावातल्या सगळ्या बाया आपापले तूप-साखर-मैदा घेऊन ओळीने बसलेल्या असत. बेकरीचे काळे पत्रे पुढ्यात घ्यायचे, तळहातावर गोळी वळायची, जराशी दाबून पत्र्यावर ठेवायची. नानकटाईला साचा नाही आणि कातरणही नाही. शेवटी भांड्याला चिकटलेले पीठ बोटाने निपटून त्याची एक छोटी नानकटाई होई, तीही पत्र्यावर इतरांच्या रांगेतच बसे. प्रत्येकीवर तळहाताच्या रेषा उमटलेल्या असत.

मनात येते, की शिकवावे ते असे. एकेक मूल तळहातावर घ्यावे. पण एका वर्गात साठ मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा, म्हणजे एकाच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक येते, हे मला माहीत आहे. हे माहीत असून नानकटाईचा उपदेश करणे हे ढोंग होईल. साठ जणांना साचाच लागतो. निदान तो साचा शक्यतो शंकरपाळ्याचा असावा. एकाच्या यशाची रेघ ही शेजाऱ्याच्या सुरुवातीची रेघ ठरावी, इतपत मी धडपडू शकतो. ज्याचा पंचकोन जुळतो त्याला, ज्याचा जुळत नाही त्याच्याशेजारी बसवतो. आणि जिथे तारेच कापायचे आहेत, परीक्षा ही तशीच गोष्ट आहे, तिथे मोजणी साचा उठवण्यापूर्वी करायची, हे मी स्वतःला लावून घेतले आहे.

गेल्या वर्षी एलिमेंटरीला बसू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाचा फॉर्म मी पाठवला. एकतीस मुले बसली. सत्तावीस पास झाली. सत्याऐंशी टक्के. वर्तुळांपेक्षाही कमी, असे मी मुलीला म्हणालो, आणि ती हसली. शाळेत मात्र कोणी हसले नाही. मुख्याध्यापकांनी, या वर्षी काय झाले, असे विचारले. मी म्हणालो, या वर्षी सगळी पोळी मोजली. त्यांना ते कळले नाही, आणि मी समजावूनही सांगितले नाही. त्यात माझी थोडी भीतीही होती. फलक लागला नाही. नापास झालेल्या चौघांपैकी दोघे पुन्हा बसणार म्हणतात, एक नाही म्हणतो, आणि एकाने अजून काही सांगितलेले नाही. यांना बसवून मी त्यांचे भलेच केले, असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही. नापास होण्याचे दुःख मी त्यांना दिले, जे मी पूर्वी व्हरांड्यात चार शब्दांत टाळत असे. फरक इतकाच, की आता त्या दुःखाच्या कागदावर माझी सही आहे.

मावशी उरलेल्या पिठाचे काय करतात, ते सांगायचे राहिले. दुसऱ्या लाटण्यानंतर जी जाळी उरते ती त्या पुन्हा गोळा करीत नाहीत. ती जशी असेल तशी, ताऱ्यांच्या मधल्या फटींच्या आकाराची, उचलून पत्र्यावर ठेवतात आणि भाजतात. तो त्यांचा वेगळा डबा. तारे आणि घंटा ताटांतून लोकांकडे जातात. डबा घरात राहतो. माझ्या आईची रीत हीच होती. मी एकदा त्यांना विचारले, 'मावशी, ताटात यांतले दोन का नाही ठेवत? चवीला तर तीच ना?'

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'ठेवीन की. पण लोक म्हणतील, मास्तर, आम्हांला उरलेलं दिलं.'

यावर मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. कातरण घरच्यांच्या हातावर येते ते प्रेमाने, यात मला बालपणापासून कधी शंका वाटली नाही. पण तीच कातरण परक्याच्या ताटात अपमान होते. म्हणजे तिला खाण्याजोगे करते ते नाते. आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या त्या मुलाशी माझे ते नाते असायला हवे होते.

या दिवाळीत आई आमच्याकडे आहे. सत्तरी उलटली तरी शंकरपाळ्यांची पोळी ती दुसऱ्याला लाटू देत नाही. काल कातण माझ्या मुलीच्या हाती होते. रेघा सरळ, चौकटी एकसारख्या, तरी कडेला तुकडे उरलेच. 'आजी, हे का उरतात? चौकोनांत उरायला नको ना?' असे तिने विचारले. आईने गणित पाहिलेले नाही. ती म्हणाली, 'अगं, पोळी गोल नि रेघा सरळ. उरणारच.' घाणे संपत आल्यावर तिने ती कातरण कढईत सोडली. मी झारा घेऊन उभा होतो. या वेळी ती शेवटी करपू दिली नाही. रंग धरताच काढली, आणि शेजारी पाठवायच्या ताटात शंकरपाळ्यांच्या बरोबर घातली. आईने ते पाहिले. ती काही बोलली नाही, फक्त तिने त्यांतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि ताटावर रुमाल झाकला.

मी ताट घेऊन मावशींच्या दाराशी गेलो आणि घंटी वाजवली.